दोन मजल्यांचा एक हॉल

“भाऊ, त्या बाईंच्या घरात त्यांचा भाऊ कसा काय शिरला?”

घरं विकून देणाऱ्या एजंटाने फोनवर हालहवाल न विचारता थेट हाच प्रश्न टाकला. शिंपी बुचकळ्यात पडला. कोणती बाई, कुठला भाऊ, आणि कोण कुणाच्या घरात शिरलं याच्याशी आपला काय संबंध, हे त्याला काही केल्या कळेना.

हा शिंपी कपडे शिवणारा नव्हता. तो फोटो शिवायचा. त्याची बायको विकायला काढलेल्या घरांचे, हॉटेलांचे, दवाखान्यांचे गोल फोटो काढायची. म्हणजे खोलीच्या मधोमध ट्रायपॉडवर कॅमेरा लावून चारी बाजूंचे, मग छताचे आणि शेवटी जमिनीचे फोटो. त्या सुट्या तुकड्यांच्या कडा एकमेकांवर बसवून, शिवण दिसणार नाही अशा बेताने जोडून त्यांचा अख्खा गोळा करणं हे नवऱ्याचं काम. असा फोटो मोबाइलवर उघडला की बोटाने ओढत खोली चहूबाजूंनी बघता यायची, जणू आपणच मध्ये उभे आहोत. बायकोने थट्टेने त्याला शिंपी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव एजंट लोकांतही रुळलं.

पूर्वी कॅमेरा त्याच्याच खांद्यावर असे. पण वर्षभरापूर्वी त्याच्या कानात काहीतरी बिनसलं. डॉक्टर म्हणाले, शरीराचा तोल कान सांभाळतो आणि तुमचा कान अधूनमधून दांडी मारतो. तेव्हापासून कधी जिना चढताना, कधी नुसती मान वळवताना जमीन कलायची आणि भिंती गरगर फिरायला लागायच्या. एकदा एका हॉटेलात तो ट्रायपॉडसकट कोसळला, तेव्हा बायकोने कॅमेरा आपल्या हाती घेतला. आता तो घरी बसून, कधी पाऊल न टाकलेल्या घरांच्या भिंती जुळवत असे. कुठल्या खोलीत पंखा कुठे आहे हे तो डोळे मिटून सांगू शकला असता, पण त्यांतल्या एकाही खोलीचा वास त्याला माहीत नव्हता.

“कुठला फोटो म्हणताय?” त्याने एजंटाला विचारलं.

“काल पाठवलेला हॉल! उघडा, बघा. मी फोन धरून आहे.”

शिंप्याने फोटो उघडला. हा हॉल तर त्याला फार आवडला होता. दाराच्या बाजूला वेताच्या खुर्चीत एक आजी, एक पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या. समोर निळ्या पडद्यांच्या खिडकीशी एक आजोबा, चष्मा कपाळावर, घडी केलेला पेपर हातात. ती त्याच्याकडे बघतेय, तो बाहेर बघतोय. फोटो जोडताना शिंप्याच्या मनात आलं होतं, किती वर्षांचा संसार असेल, बोलायचीही गरज उरली नाही बिचाऱ्यांना.

“जोडकाम तर व्यवस्थित दिसतंय,” तो म्हणाला. “आजी-आजोबा दोघंही पूर्ण आले आहेत. हात-पाय कुठे तुटलेले नाहीत.”

“अहो, कसले आजी-आजोबा! सख्खे बहीण-भाऊ आहेत ते. वरच्या मजल्यावर ती राहते, खालच्या मजल्यावर तो. कित्येक वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. एका दातांच्या डॉक्टरला दोन्ही मजले एकदम विकत हवे होते म्हणून मी दोघांना वेगवेगळं गाठून कसंबसं तयार केलं. आणि तुम्ही काय केलंत? दोघांना एका खोलीत बसवलंत!”

“मी कशाला बसवू?”

“मग कोणी बसवलं? बाई म्हणतात, मी डुलकी घेत असताना तो दुसरी किल्ली लावून आत आला. तो म्हणतो, ही माझ्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलीय आणि मला पत्ता नाही. दोघंही म्हणतात, आता घर विकायचंच नाही. पोलिसात जायची भाषा चाललीय!”

फोन ठेवल्यावर शिंपी बराच वेळ तो हॉल बोटाने फिरवत बसला. खिडकीची चौकट सरळ होती. फरशीची रेघ रेघेला मिळत होती. छताचा कोपरा भिंतीच्या कोपऱ्यावर नेमका बसला होता. चूक असती तर कुठेतरी दुहेरी कड दिसली असती, एखादी वस्तू अर्धी कापली गेली असती. इथे तर सुईच्या टोकाएवढीही चूक सापडेना. मग एजंट म्हणतो ते खरं कसं?

संध्याकाळी बायको आली. खांद्यावरची बॅग उतरवता उतरवता तिची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली आणि ती तशीच थांबली.

“हे काय केलंयस तू?”

“तेच तर मला कळत नाहीये. तू फोटो काढलेस तेव्हा ही दोघं एकत्र होती ना?”

“एकत्र? अरे, ही वरची, हा खालचा! बाईंचा गुडघा दुखत होता, त्या खुर्चीतून हलेनात. मी म्हटलं बसा, चेहरा नंतर अस्पष्ट करू. हा खालचा तर माझ्यावर पहारा ठेवायला म्हणून खिडकीशी उभा होता, बाहेर बघत असल्याचं दाखवत. म्हणे, माझ्या सामानाला हात लावू नका.”

“मग खिडकी?”

“खिडकी खालची. छत वरचं. दार…” ती पुढे झुकली. “दार वरचं. थांब, फरशी कुठली?”

फरशी कुठली हे दोघांनाही सांगता येईना. एकाच बिल्डरने एकाच वेळी टाकलेली, एकाच रंगाची. खोल्या तर साच्यातून काढल्यासारख्या. बायकोची सवय अशी, की ट्रायपॉड नेहमी खोलीच्या बरोब्बर मध्यावर, नेहमी एकाच उंचीवर. वरचे तुकडे आणि खालचे तुकडे एकमेकांत इतके चपखल बसले होते, की सॉफ्टवेअरने कुरबूरसुद्धा केली नव्हती.

हळूहळू थोडं थोडं उलगडलं. वरच्या मजल्यावर कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं. खाली गेल्यावर बायकोने दुसरं कार्ड घातलं, आणि त्या कार्डाने फोटोंचे नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. शिंप्याने दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली. दुसरं कार्ड उतरत असताना मध्येच ते थांबलं असावं. म्हणजे नंबर तेच असल्यामुळे काही फोटोंच्या जागी खालचे बसले, काही वरचे तसेच राहिले.

“एकाच फोल्डरमध्ये का टाकलीस?” बायको म्हणाली.

“तू सांगितलंस म्हणून. तू म्हणालीस, दोन्ही एकत्र टाक.”

“मी म्हणाले, दोन्ही एकत्र टाकू नकोस!”

“तू ‘नकोस’ म्हणालीस?”

“म्हणजे काय! म्हणाले… म्हणाले असेन.” ती खुर्चीत टेकली. “बहुतेक म्हणाले.”

कार्ड मध्येच का थांबलं, तेही शिंप्याला आठवेना. वायर निसटली असेल. किंवा त्याला गरगरलं असेल आणि त्याने टेबल धरताना वायर ओढली असेल. अशा वेळी काय झालं, किती वेळ झालं, हे नंतर त्याच्या हाती लागत नसे.

एजंटाने पुन्हा फोन करून सांगितलं, की नुसता नवा फोटो पाठवून भागणार नाही. “माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. म्हणतात, तुम्ही आमची समजूत काढण्यासाठी गोष्टी रचताय. तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन समोरासमोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी बायकोला एका हॉटेलचं काम होतं, ते टाळता येण्यासारखं नव्हतं. तिने शिंप्याला त्या इमारतीच्या फाटकाशी सोडलं.

“चक्कर आली तर?”

“भिंत धरेन.”

“आधी वरती जा. बाई जरा ऐकून घेणाऱ्या वाटतात. आणि जिन्याने जाऊ नकोस.”

लिफ्टमध्ये त्याने बटण दाबलं, आणि दार बंद होताच वरचं दाबलं की खालचं, याची त्याला शंका आली. लिफ्ट थांबली. समोर तपकिरी दार, पितळी कडी, शेजारी चपलांची लाकडी फडताळं. अशीच फडताळं दोन्ही मजल्यांवर असणार. त्याने बेल वाजवली.

काठी टेकत एका बाईंनी दार उघडलं. वेताच्या खुर्चीतल्या आजी! फोटोत बसलेल्या बघून त्या बुटक्या असतील असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या त्याच्याहून उंच होत्या.

“फोटोवाले ना? या. एजंटाने सांगितलंय. बोला, काय बनाव रचून आणलाय?”

तो आत आला आणि गडबडला. हा हॉल त्याने दोन दिवस गरागरा फिरवला होता, पण फोटोत माणूस नेहमी मध्यावर असतो आणि खोली त्याच्याभोवती फिरते. इथे एक पाऊल टाकलं की खुर्ची सरकायची, भिंत मागे जायची. खिडकीला पडदे पांढरे होते. ‘निळे पडदे कुणी काढले?’ असं तो विचारणारच होता, इतक्यात त्याच्या लक्षात आलं, की निळे पडदे खालचे.

त्याने लॅपटॉप उघडला आणि एकेक तुकडा वेगवेगळा दाखवला. हा तुमच्या दाराचा. हा तुमच्या खुर्चीचा. हा खिडकीचा, पण पडदे बघा, हे तुमचे नाहीत. बाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.

“म्हणजे नन्या आलाच नव्हता?”

“नाही हो. ते त्यांच्याच घरात उभे होते. चूक आमची.”

“किल्ली वगैरे काही नाही?”

“काही नाही.”

बाई खुर्चीत बसल्या आणि पाय उचलून स्टुलावर ठेवला. शिंप्याला वाटलं, आता यांना हायसं वाटेल. पण त्यांचा चेहरा पडला.

“मी इतक्या वेळा कपाट उघडून बघितलं,” त्या म्हणाल्या. “काय नेलं असेल म्हणून. काही गेलेलं नाही. मग म्हटलं, नुसता येऊन उभा राहिला असेल. लहानपणी असाच करायचा. मी नर्सिंगचा अभ्यास करत बसले की यायचा, खिडकीशी उभा राहायचा, एक शब्द बोलायचा नाही.”

“मग तुम्हाला राग नव्हता आला?”

“आला ना! संताप आला. माझ्या घरात न विचारता? आणि आता तुम्ही म्हणताय, आलाच नव्हता.”

यांतल्या कशाचा राग जास्त आहे, ते शिंप्याला समजेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “मुळात भांडण कशावरून झालं?”

“आई गेली त्या दिवशी मी वॉर्डात ड्युटीवर होते. त्याने मला कळवलं नाही. मला बाहेरच्या माणसाकडून कळलं. पुरे का एवढं?”

पुरेच होतं. शिंप्याने निरोप घेतला. निघताना बाई म्हणाल्या, “तो फोटो पुसू नका एवढ्यात.” का, ते विचारायचं त्याला धैर्य झालं नाही.

खालच्या मजल्यावर दार उघडणाऱ्या माणसाचा चष्मा कपाळावरच होता. हे गृहस्थ पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. बोलताना अजूनही बोटं मांडीवर आपटायची त्यांची सवय होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न भलताच विचारला.

“माझ्या छतावरचा डाग कुठे गेला?”

“कुठला डाग?”

त्यांनी वर बोट दाखवलं. छताच्या कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग होता. “फोटोत नाही तो. मला वाटलं, तिने तुम्हाला सांगून पुसून घेतला. तिच्या मोरीचं पाणी गळतं. वर्षानुवर्षं गळतंय. यावरूनच तर आमचं फाटलं.”

“पण त्या म्हणाल्या, आई गेल्या तेव्हा तुम्ही कळवलं नाही म्हणून…”

“मी कळवलं नाही?” गृहस्थांची बोटं थांबली. “अहो, सगळ्यात आधी फोन तिलाच केला. वॉर्डातल्या कुणीतरी उचलला. म्हणाले, निरोप देतो. आणि तेव्हा तर आम्ही बोलत होतो एकमेकांशी! डाग त्याच्या नंतरचा. का आधीचा?” ते डागाकडे बघत राहिले. “आधीचा नव्हे. थांबा…”

शिंपीही त्यांच्याबरोबर वर बघू लागला.

“बरं, ते जाऊ द्या,” गृहस्थ म्हणाले. “ती पाय वर करून का बसलीय?”

“गुडघा दुखतो त्यांचा. काठी घेऊन चालतात.”

“काठी?” ते म्हणाले, “वरून पावलं कमी ऐकू यायला लागली, तेव्हा मला वाटलं, मुलीकडे राहायला जात असेल. काठीचा आवाज यायचा, पण मला वाटायचं, काहीतरी ठोकतेय. मला त्रास द्यायला.”

शिंप्याने मान खाली आणली, आणि तेवढंच निमित्त झालं. इतका वेळ वर बघायला नको होतं. जमीन डावीकडे कलली. निळे पडदे उजवीकडे धावले, त्यांच्यामागून कपाट, त्यामागून दार, पुन्हा पडदे. भिंत धरायला त्याने हात पुढे केला, पण भिंत तिथे नव्हतीच. तो सोफ्यावर कोसळला.

“अहो! अहो, काय झालं?” गृहस्थ घाबरले. पाणी आणू की दार उघडू, हे त्यांना सुचेना. ते खिडकीशी धावले, तावदान उघडलं आणि अर्धे बाहेर झुकून वरती तोंड करून ओरडले, “ताई! ए ताई! इथे एक माणूस पडलाय!”

वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

“कोण पडलंय? तू?”

“मी नाही, फोटोवाला!”

“शुद्धीत आहे का?”

“डोळे उघडे आहेत!”

“उलटी होतेय का विचार त्याला! आणि मान हलवू देऊ नकोस!”

“होतेय का उलटी?” गृहस्थांनी खोलीत डोकावून विचारलं. शिंप्याने नाही म्हणायला मान हलवली आणि सगळं पुन्हा फिरू लागलं.

“हलवली त्याने मान!”

“मूर्ख आहात दोघं! आले मी.”

नंतर काय कोणत्या क्रमाने घडलं, ते शिंप्याला नीट सांगता आलं नसतं. लिफ्टचा आवाज आला, काठीचा आला. मग वरच्या बाई त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या, पुन्हा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांच्यामागून खिडकीतले त्यांचे भाऊ येत होते. खोली फिरत होती आणि तो मध्ये होता, अगदी कॅमेऱ्याच्या जागी. खुर्चीत बाई, खिडकीशी भाऊ. त्याला वाटलं, आपण अजून घरीच आहोत, कॉम्प्युटरसमोर, बोट जरा जोरात ओढलं गेलंय, आता थांबेल. पण फोटोतली माणसं बोलत नाहीत, आणि ही तर तावातावाने बोलत होती.

“डोळे मिटू नका. समोरच्या खिळ्याकडे बघत राहा. नन्या, पाणी दे त्यांना.”

“आडवं पडल्यावर पाणी देतात होय?”

“मी मेट्रन होते की तू?”

“तू मेट्रन होतीस, पण एवढं मलाही कळतं! ठसका लागेल त्यांना.”

“उशी आण मग. कुठे ठेवतोस उश्या?”

“आतल्या खोलीत. तू नको, गुडघ्यावर जोर येईल. मीच आणतो.”

“माझ्या गुडघ्याचं तुला काय माहीत?”

“फोटोत बघितलं,” गृहस्थ म्हणाले आणि आत गेले.

खोली हळूहळू मंदावली आणि जागेवर आली. खुर्ची वेताची नव्हती, ही लाकडी होती, आणि बाईंनी पाय पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवला होता. त्या छताकडे बघत होत्या.

“हा डाग एवढा मोठा आहे?”

“मग मी काय खोटं सांगत होतो?”

“तू हाताने दाखवायचास ना, तेव्हा रुपयाएवढा दाखवायचास.”

“तेव्हा होता रुपयाएवढा! वाढणार नाही का तो?”

“आणि आईच्या वेळी फोन केलास म्हणतोस, तो कुणी उचलला?”

“तुला कुणी सांगितलं मी असं म्हणालो?”

दोघांनीही शिंप्याकडे बघितलं. त्याने तर तोंडही उघडलं नव्हतं. मग त्याला आठवलं, की मघाशी गरगरताना आपण काहीतरी बडबडत होतो. काय बडबडलो, ते त्याला आठवेना.

बायको त्याला न्यायला आली, तेव्हा दार सताड उघडं होतं. आतून भांडणाचे आवाज येत होते आणि नवरा सोफ्यावर उशीला टेकून, हातात पाण्याचा पेला धरून, एकदा इकडे एकदा तिकडे बघत होता. मान मात्र तो हलवत नव्हता, नुसते डोळे फिरवत होता.

“काय झालं?” गाडीत बसल्यावर तिने विचारलं.

त्याने सांगायला सुरुवात केली. वरच्या बाई, कपाट, खिडकी, डाग, फोन. सगळं क्रमाने सांगितलं, तरी गोळाबेरीज होईना. फोन खरंच केला होता का? डाग आधी की आई आधी? “म्हणजे समेट झाला की आणखी बिघडलं?” बायकोने विचारलं. तो म्हणाला, “मला कसं कळणार? मी पडलेला होतो.”

त्याने दोन्ही मजल्यांचे फोटो पुन्हा निवडले, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, एकेक तुकडा तपासून दोन वेगळे हॉल शिवले आणि एजंटाला पाठवले. काही दिवसांनी एजंटाचा फोन आला.

“तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?”

“फोटो कसा जोडतात ते.”

“एवढंच? मग दोघांनीही विकायचं रद्द का केलं? बाई म्हणतात, आधी मोरी दुरुस्त करायची आहे. भाऊ म्हणतो, दुरुस्ती होईपर्यंत मी कुठे जाणार? रोज सकाळी ती खाली येऊन बसते आणि दोघं दुपारपर्यंत भांडतात. शेजारच्यांनी मला फोन केले! दातांच्या डॉक्टरने दुसरीकडे जागा बघितली. आता मी तुम्हाला काम द्यायचं की नाही, तुम्हीच सांगा.”

माफी मागावी, तर कशाची? अभिनंदन करावं, तर कुणाचं? “बघा तुम्हीच,” एवढं म्हणून शिंप्याने फोन ठेवला.

बायको बॅगेत लेन्स भरत होती. “चिडलाय?”

“हो. म्हणजे असावा.” तो कॉम्प्युटरसमोरून उठला आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. जमीन सरळ होती. “उद्या तुला त्या दवाखान्याचं काम आहे ना? मीही येतो.”

“कशाला? तिथे किती खोल्या आहेत! चक्कर आली तर?”

“आली तर बसेन कुठेतरी,” तो म्हणाला. “तू फोटो काढत असताना मी खोली बघून घेईन. कोण कुठल्या खोलीतलं आहे, तेवढं तरी कळेल.”

बायकोने बॅगेची चेन लावली. “ठीक आहे. पण लवकर निघायचंय. आणि कार्डं मी खिशात ठेवणार, तुझ्या हातात देणार नाही.”

“नको देऊस,” शिंपी म्हणाला, आणि उद्यासाठी बूट शोधायला दाराकडे गेला.